सिव्हिल लाइन्समधली लवकी

नागपूरच्या एप्रिलात माणूस आधी झाडाखाली उभा राहतो, झाडाची ओळखपाळख मागाहून. खिशात कांदा ठेवून आम्ही दोघं सिव्हिल लाइन्समधून निघालो होतो. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना साहेबांनी इथे ऐसपैस बंगले बांधले, त्यामुळे सावलीही साहेबी मापाची. अशाच एका झाडाला लांब दोऱ्यांना बांधल्यासारखी हातभर फळं लोंबत होती.

"कशाचं हो हे झाड?" मी रसवंतीवाल्याला विचारलं. 'ठाऊक नाही' हे उत्तर नागपुरी पाहुणचारात बसत नाही.

"लवकीचं."

"लवकीचा वेल असते न बाप्पा!" रिक्षातून हरकत आली.

"जुना झाला का झाड होते."

रिक्षावाले भाऊ उतरलेच. "बालमखीरा हाय हा. मुतखड्यावर अक्सीर!" स्कूटी थांबवून एक काकू तोंडावरचा दुपट्टा न सोडता म्हणाल्या, "माह्या जाऊच्या माहेरी हाय हे. रामफळाची जात."

बायको वनस्पतिशास्त्रवाली. तिने फळाकडे पाहिलंही नाही, खाली वाकलेली फांदी धरली. भाऊंनी पुढे केलेलं पान तिने परत केलं. "ही नुसती पर्णिका. कळी ज्याच्या बगलेत असते, तो देठ पानाचा." मग समोरासमोर जोड्या आणि टोकाला एकटी, अशा सात खरखरीत पर्णिका मोजल्या. पेऱ्यावर तीन-तीन पानं. खाली पडलेलं काळपट लाल फूल हुंगून नाक मुरडलं, आणि निकाल दिला: "कायजेलिया. आपल्या टेटूच्या कुळातलं, पण मूळचं आफ्रिकेचं. फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात. टेटूच्या बिया पंख लावून उडतात. याच्या गरातच अडकतात. तिकडे हत्ती फळ खाऊन त्या पसरवतात."

हत्तीवर कोणी बोललं नाही. पण केनियातले किकुयू लोक या फळाने दारू आंबवतात म्हटल्यावर मुतखडा मागे पडला.

"कच्चं फळ विषारी असतं हं," बायको म्हणाली. "आणि एकेक पाच-सहा किलोचं भरतं."

सगळ्यांनी वर पाहिलं आणि मुकाट्याने उन्हात सरकले. काकूंनी मात्र हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि सावली सोडली नाही.

"रामफळ जडच राह्यते, बापा."