होतकरू घरमिस्त्रींसाठी प्राथमिक सूचना

दुरुस्तीची विद्या हस्तगत करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम खरेदीला जावे. काम कोणते करायचे हे ठरलेले नसेल तर उत्तमच, कारण मग खरेदीला मर्यादा राहत नाही. पुण्यात राहत असल्यास बोहरी आळी गाठावी, मुंबईत असल्यास लोहार चाळ, आणि पार्किंगची धास्ती असल्यास मोबाइल उघडावा. ड्रिल मशीन घ्यावे, सोबत बिटांचा भलामोठा संच घ्यावा. हा संच प्लॅस्टिकच्या पेटीत येतो, पेटीत प्रत्येक बिटाला स्वतःची खाच असते, आणि एकदा बाहेर काढलेले बिट त्या खाचेत पुन्हा कधीच धड बसत नाही. पेटी घरच्यांना दाखवून माळ्यावर ठेवावी. शिक्षणाचा पहिला टप्पा येथे पूर्ण होतो. पुष्कळांचे पदवीदानही येथेच उरकते.

खरी हत्यारे घरात आधीपासून असतात. ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सापडतात. डबा वर्तमानपत्रावर उपडा करावा. त्यातून कधीतरी ठोकून सरळ करू म्हणून ठेवलेले वाकडे खिळे निघतात, पंख्याच्या रेग्युलेटरचे एक बटण निघते, केव्हाच विकून टाकलेल्या कपाटाची किल्ली निघते, आतल्या आत दगड झालेली फेविक्विकची ट्यूब निघते आणि घरातल्या एकाही नटाला न बसणारा पाना निघतो. यात एक टेस्टर, एक पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा डिसमिस, एक स्क्रू पाना आणि एक कानस एवढी भर घातली की घरातली बहुतेक कामे भागतात. हे इतके स्वस्तात होते, म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

शासनाला या बाबतीत घाई नाही. आयटीआयमध्ये फिटरचा आणि इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचा असतो. फिटर होऊ पाहणाऱ्या मुलाला सुरुवातीला लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानसीने घासत बसावे लागते. कड सपाट झालीसे वाटले की तिला गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. रेघ दिसेनाशी होईपर्यंत हेच. घरमिस्त्रीचा अभ्यासक्रम यूट्यूबवर दहा मिनिटांत आटोपतो, आणि तोही दीडपट वेगाने पाहायची सोय असते. शिवाय वस्तू पूर्ण उघडून झाल्यावरच व्हिडिओ लावायचा प्रघात असल्यामुळे, कोणता स्क्रू कुठून निघाला हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेर राहतो. (उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढावा. ही सूचना गंभीर आहे.)

मदतनीस घरातलाच आणि वयाने लहान असावा. त्याच्या हाती बॅटरी द्यावी. उजेड कुठे हवा हे त्याला आधी सांगू नये, चुकीच्या जागी पाडल्यावर सांगावे. महाराष्ट्रातल्या कित्येक इंजिनीअरांचे शिक्षण वडिलांसाठी बॅटरी धरून आणि बोलणी खाऊन सुरू झाले असणार. मुलाच्या हाती डिसमिस आणि मुलीच्या हाती कायम बॅटरी, ही वाटणी मात्र आता मोडीत काढावी.

पहिले काम म्हणून गळका नळ घ्यावा. प्रथम नळ खोलावा, मग कारंजे उडाल्यावर पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे याची चौकशी करावी. हा क्रम उलटा केला तरी चालतो, पण मग शेजारी मदतीला येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या, फिरवत फिरवत बंद होणाऱ्या नळात दांड्याच्या टोकाशी रबराचा एक वायसर असतो. तो झिजला की नळ गळतो, आणि जो तो नळ अधिकाधिक जोर लावून बंद करू लागतो, त्यामुळे वायसर आणखी झिजतो. वायसर बदलला की काम संपले. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात मात्र वायसर शोधत बसू नये. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि बिघडल्यावर आतला अख्खा स्पिंडल बदलावा लागतो. दुकानात जुना भाग सोबत न्यावा. तो नेला नाही तर दुकानदार ‘अर्ध्याचा की पाऊणचा?’ असे विचारतो, आणि आजवर स्वतःला सुशिक्षित समजणारा माणूस बोटांनी हवेत आकार काढून दाखवू लागतो.

टेफ्लॉन टेपबद्दल एकच नियम आहे. आटे आपल्याकडे तोंड करून धरले, तर टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटत जाते, गोळा होऊन बाहेर येते आणि नळ पुन्हा गळू लागतो.

विजेचे काम त्याहून सोपे आहे, असे ते न केलेल्यांचे मत असते. छताचा पंखा मंदावला किंवा बोटाने ढकलल्याशिवाय फिरेना, तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. साध्या पंख्यात तो बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरॅडचा असतो. पंख्याच्या मोटरीला सुरुवातीला जो धक्का लागतो तो या कंडेन्सरमुळे मिळतो, आणि वय झाले की त्याची ताकद उतरते. जुन्यावरचा आकडा वाचून तेवढ्याचाच नवा आणावा. मोठ्या आकड्याचा बसवला तर पंखा विमानासारखा पळेल हा समज सोडावा, वाइंडिंग तापते. रिमोटवर चालणाऱ्या बीएलडीसी पंख्यात मात्र हा कंडेन्सर नसतोच, इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तो पंखा उघडून पाहून, मान डोलावून बंद करावा.

पंख्याला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद करून स्टुलावर चढणे ही घरोघरीची पद्धत आहे. वायरमनने बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असेल, तर बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज पोचलेलीच असते. म्हणून खाली पाडायची ती एमसीबी. मग टेस्टर लावावा, आणि तत्पूर्वी तोच टेस्टर चालू प्लगमध्ये घालून पेटतो ना हे पाहावे, कारण बिघडलेला टेस्टर प्रत्येक वायर सुरक्षित असल्याचे सांगतो. कायद्यानेही हौशी माणसाची हद्द आखून दिली आहे. वीज सुरक्षेचा नियम दिवे, पंखे, फ्यूज, बटणे अशा वस्तू होत्या तशाच बदलण्याची मुभा देतो. वायरिंगमध्ये भर घालणे किंवा फेरफार करणे हे परवानाधारक ठेकेदाराचे काम. घरात गीझरचा नवा पॉइंट काढायला निघालेल्याला हा नियम मोठ्याने वाचून दाखवावा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो, आणि टीव्हीमागचे सॉकेट असते सहाचे.

मिक्सरसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचे कारण नाही. तो चटणी वाटता वाटता थांबला तर उलटा करून तळाचे लाल बटण दाबावे. ताण आला की ते स्वतः बाहेर येते आणि मोटर वाचवते. हे बटण दाबून घेण्यासाठी मिक्सर पिशवीत घालून दुकानात नेणे आणि दुकानदाराने ‘संध्याकाळी या’ म्हणणे, ही एक प्रतिष्ठित परंपरा आहे.

सायकलचे पंक्चर हा या विद्येतला सर्वांत न्यायी धडा, कारण इथे चूक लगेच कळते आणि शॉक बसत नाही. टायर रिमबाहेर काढताना डिसमिस घालू नये. त्याच्या टोकाने एका पंक्चरची दोन होतात. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत न्यावी. बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की ती जागा पुसून तिथे बॉलपेनने खूण करावी. मग काचकागदाने घासून रबराची चकाकी घालवावी आणि सोल्युशनचा पातळ थर द्यावा. येथे नवशिका हटकून फसतो. तो सोल्युशनला डिंक समजतो आणि ओल्यावरच पॅच चिकटवतो. सोल्युशन उघड्यावर ठेवून सुकू द्यायचे असते, बोटाला ओल लागेनाशी झाली म्हणजे पॅच ठेवून दाबायचा. पंक्चरवाला थर देतो आणि बिडी शिलगावतो ती आळसाने नव्हे. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधून काढावा, नाहीतर उद्या त्याच जागी तेच घमेले.

सायकलीला कमी लेखू नये. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण त्यांच्या नजरेत रंग ओळखण्याचा दोष निघाला. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले, आणि पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान घातले. त्यातून कारखाना आला, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लाल-काळ्या वायरींच्या वाटेला न जाता त्यांनी लोखंड निवडले हे देशाच्या दृष्टीने बरेच झाले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे तर मूळ आडनावच मेस्त्री. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी आपले सहकारी दामले यांच्या मदतीने स्वतःच घडवला, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. अशी उदाहरणे होतकरूला जरूर सांगावीत, मात्र तो भिंतीला भोक पाडत असताना सांगू नयेत.

भिंतीला भोक हा बाकी प्रतिष्ठेचा विषय. माळ्यावरची पेटी खाली येते ती याच दिवशी. मेसनरी बिट सहा मिलिमीटरचे असेल तर गिट्टीही सहाचीच घ्यावी. आठच्या भोकात सहाची गिट्टी काडेपेटीच्या काड्या ठासून बसवण्याचा घरगुती उपाय फळीवर पुस्तके ठेवीपर्यंतच टिकतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नये, भिंतीत दडवलेल्या वायरी बहुधा तिथूनच उभ्या गेलेल्या असतात. नुसत्या प्लास्टरवर विसंबू नये, गिट्टी विटेत रुतली पाहिजे. फळी सपाट लागली का हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते आणि ती कोणाच्या मताला विचारत नाही.

फळी तिरकी लागली तरी ती लावणाऱ्याला आवडतेच. मायकल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या आवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे करायला सांगून नंतर त्यांची बोली लावायला लावली. करणाऱ्यांनी स्वतःच्या कलाकृतीला सरासरी २३ सेंट लावले, त्याच कलाकृतीला परक्यांनी ५ सेंट. तज्ज्ञाच्या हातच्या कागदी कलाकृतींना २७ सेंट मिळाले. म्हणजे नवशिक्याला आपले काम तज्ज्ञाच्या कामाइतकेच बरे वाटते. संशोधकांनी याला आयकिया या, घरी जोडून घ्यायचे फर्निचर विकणाऱ्या कंपनीचे नाव दिले. काम अर्धवट सोडले, तर मात्र हा जिव्हाळा नाहीसा होतो असेही त्यांना आढळले. घरोघरी पोटमाळ्यावर पडलेल्या, तीन पायांच्या स्टुलांबद्दल कोणी हळहळत नाही त्याचे कारण हेच असावे.

डगमगणाऱ्या स्टुलावर उपाय स्वस्त आहे. अरविंद गुप्ता टेल्कोत नोकरी केलेले आयआयटीचे इंजिनीअर. त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर मुलांना रचनाशास्त्र शिकवले. चार काड्यांचा चौकोन दाबला की चेपतो, तीन काड्यांचा त्रिकोण चेपत नाही. दोन पायांमध्ये एक तिरकी पट्टी ठोकली की स्टूल डगमगायचे थांबते, ते याच नियमाने.

ही विद्या शाळेत शिकवता येते का, यावर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली तेव्हापासून परिसंवाद होत आले आहेत. डॉ. श्रीनाथ कलबागांनी परिसंवादाची वाट न पाहता संशोधनातली नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथली मुले शेती, वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग हे सगळे गावाला खरोखर लागणारी कामे करून शिकतात. काम बिघडले तर गावकरी तोंडावर सांगतात, परीक्षकाची गरज पडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या बाहेर पहिल्यांदा फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा, उभारायला घेतल्या तेव्हा, २००२ मध्ये, पाबळ त्यात होते.

उरल्या निषिद्ध गोष्टी. गॅसचा वास येत असताना काहीही दुरुस्त करायचे नसते. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नये आणि आणीबाणीच्या १९०६ या क्रमांकाला बाहेर जाऊन फोन करावा. मायक्रोवेव्ह मुळीच उघडू नये, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला द्याव्यात यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले. ते एकदा चाळून पाहावे. आणि कोणतीही वस्तू उघडण्याआधी तिचे बिल शोधावे. वॉरंटी शिल्लक असेल, तर डिसमिस खाली ठेवून कंपनीला फोन लावावा.