नाना पास करत नाहीत

पिंपरीच्या एका कारखान्यात नानांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. हाताखालून गेलेल्या मालाला एकतर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. निवृत्तीनंतर माल आटला, ठिपके उरले. मग भाजीवाल्याचा काटा, सोसायटीची लिफ्ट, लेकीला सांगून आलेली स्थळं, सगळं त्यांच्या हाताखालून जाऊ लागलं. लेकीचं लग्न ठरलं ते नाना हर्नियाच्या ऑपरेशनला दाखल होते त्या आठवड्यात, असं माई सांगतात.

सुनेच्या बाळंतपणासाठी दोघं न्यू जर्सीत, एडिसनला आमच्या शेजारी आली. माईंच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्याची दुपटी आणि बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. नानांच्या बॅगेत व्हर्निअर कॅलिपर.

समोरच्या घरातल्या वहिनींनी आपलं क्रिब देऊ केलं होतं. लाकडी, उभ्या गजांचं, एका बाजूचा कठडा खालीवर सरकणारं. ‘माझी दोन्ही मुलं ह्यातच वाढली हो!’ माईंना हे एकदम पटलं. आपल्याकडेही पाळणा मागून आणायचा तो लेकुरवाळ्या घरातलाच, आणि बाळाला पहिलं अंगडंही जुनंच घालायचं.

‘वाढली ती मुलं,’ नाना म्हणाले, ‘पाळण्याचं काय झालंय ते बघू.’

मुलाने सोपी युक्ती सांगितली. सोड्याचा डबा गजांमधून आरपार गेला तर क्रिब बाद. इथे सगळे असंच बघतात. नानांनी डबा मागवला, रिकामा करवला (तो मलाच प्यावा लागला) आणि कॅलिपरमध्ये धरला.

‘सहासष्ट मिलिमीटर. आणि नियम काय?’

‘दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. साठ धरा.’

‘म्हणजे फट त्रेसष्टची असली तर डबा अडणार, तू पास करणार आणि माल नापास! कुठल्या गाढवाने हे गेज ठरवलं?’

त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच नानांबद्दलची मोठी अडचण. फट मोठी असली की बाळाचं धड त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. तिथे तीन मिलिमीटर इकडेतिकडे करून चालत नाही. प्रत्येक फट मोजली गेली. सगळ्या अठ्ठावन्नच्या आत निघाल्या आणि नानांचा चेहरा पडला.

मग गादी. कडेला दोन बोटं मावता कामा नयेत, असं सून म्हणाली. ‘कुणाची?’ नानांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून बोटं दिली. माझी सर्वांत जाड भरली, आणि मी प्रमाण म्हणून बाद झालो.

राहता राहिला सरकता कठडा. तो नानांना फारच आवडला. खाली, वर, खाली, वर. ‘काय बैठक आहे! बाईमाणसाला वाकायला नको.’ आता हिरवा ठिपका पडणार असं वाटत असतानाच डावा कोपरा खाचेतून सुटला आणि कठडा तिरका लोंबू लागला. लॉटरी लागलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही मी इतकं समाधान पाहिलेलं नाही.

ते फार वेळ टिकलं नाही. प्लॅस्टिकचा आकडा झिजून त्याची कड पांढरी पडली होती. कोपरा सुटला की गादी आणि कठड्यामध्ये फट पडते, झोपेतलं बाळ त्यात घसरतं आणि श्वास कोंडतो. अशा कठड्यांमुळे २००० सालापासूनच्या दशकभरात अमेरिकेत किमान ३२ लहानगी दगावली. २८ जून २०११ पासून असली क्रिब बनवायलाही बंदी आणि जुनी विकायलाही. मुलाने गादीखालची पट्टी शोधून वाचली: २००८.

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. ‘पण आमच्या मुलांना काही झालं नाही ना!’

‘नशीब तपासायचं यंत्र आमच्या खात्यात नव्हतं,’ नाना म्हणाले. मग वहिनींचाच चहा पीत त्यांनी वहिनींचंच क्रिब करवतीने कापलं. आख्खं कचऱ्यापाशी ठेवलं असतं, तर कुणीतरी उचलून नेलं असतं.

निकाल माईंच्या बॅगेपर्यंत पोचला. बाळ उताणं, गादी कडक नि सपाट, वर घट्ट बसणारी चादर, बस्स. उशी नाही, दुपटं नाही, कडेने गुबगुबीत पट्ट्या तर मुळीच नाहीत. त्यांच्यावर २०२२ साली बंदी आली.

‘तुम्ही स्वतः मोहरीच्या उशीवर वाढलात,’ माई म्हणाल्या.

‘वाढलो ना! म्हणून काय झालं?’

माईंनी त्यांच्या डोक्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उशी परत बॅगेत ठेवली.

नवं क्रिब खोक्यातून आलं. नानांनी यादीप्रमाणे स्क्रू मोजले, जोडणी केली, हलवून पाहिलं. काही हललं नाही. नात जन्मली, घरी आली, त्यात झोपलीसुद्धा. हिरवा ठिपका मात्र पडेना. जोडणीनंतर एक स्क्रू उरला होता. नानांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तो जादाचाच आहे, असू द्या.

‘हे मला लेखी पाठवा,’ नाना म्हणाले.