बझांसोंची खबरबात

"वहिनी, अहो वहिनी! जरा इकडे कंपाउंडपाशी या. कढीपत्ता हवा होता ना? हा घ्या. आणि काल पोरीचा फोन आला होता बरं का."

"काय म्हणतेय आमची पॅरिसची मडमीण?"

"पॅरिस कुठलं हो! बझांसों. पार पूर्वेला, स्वित्झर्लंडला खेटून. जुन्या गावाला दू नदीचा वेढा, डोक्यावर किल्ला. तो व्हिक्टर ह्यूगो तिथेच जन्मला, १८०२ साली. विद्यापीठाचं भाषाकेंद्र आहे तिथे, १९५८ पासूनचं. जगभरातली मुलं येतात फ्रेंच शिकायला."

"पण ती तर इथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकून गेली ना? पेढे खाल्लेत आम्ही."

"तेच तर! मला वाटलं, आता फाडफाड बोलणार. गेल्या गेल्या त्यांनी चाचणी घेतली, कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला. लेखी झकास! आणि तोंडी सुरू झाली तशी बाईसाहेबांची दातखीळ बसली. बसवली मग खालच्या वर्गात. ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या असतात त्यांच्या. शेजारी बसतात एक जपानी आणि एक कोलंबियाची. त्यांचं इंग्रजी यथातथाच, म्हणजे मधल्या सुट्टीतही फ्रेंचशिवाय सुटका नाही."

"बरंच झालं की. आणि राहते कुठे?"

"एका आजींकडे खोली घेतलीय. तीसुद्धा नशिबाने मिळाली. बँक म्हणे, खातं उघडायला पत्त्याचा पुरावा आणा. आणि आधी एक घर बघितलं होतं, तो मालक म्हणे खोली हवी तर इथल्या बँकेचं खातं दाखवा. दोघांच्या मधे आमची पोरगी बॅग घेऊन उभी! शेवटी या आजींनीच चिठ्ठी लिहून दिली, 'ही माझ्याकडे राहते' म्हणून. सोबत स्वतःच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि लाइटचं बिल. तेव्हा कुठे बँक हलली."

"म्हणजे कागद नाचवणं तिकडेही आहेच."

"आहे तर! शिवाय गेल्यापासून तीन महिन्यांत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी, त्याचे वेगळे पैसे. आणि पहिल्या रविवारी दुकानं सगळी बंद. हिच्याकडे माझ्या हातचा चिवडा होता, त्यावर दिवस काढला."

"अगंबाई! मग जेवणाचं काय?"

"रात्री आजींबरोबरच. तिथे तर निराळीच गंमत. आपण पोरांना काय शिकवलं? जेवताना बडबड करायची नाही. ही बिचारी मुकाट्याने खाऊन ताट उचलायला उठली. आजींना वाटलं, हिला स्वयंपाक आवडला नाही नाहीतर रागावली. तिकडे जेवण म्हणजे तास-दीड तासाची बैठक. आधी सॅलड नाहीतर सूप, मग मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड. आणि सगळा वेळ गप्पा. त्या भागातलं एक पातळसर चीज असतं, उकडलेल्या बटाट्यांवर गरमागरम ओततात. ते खाता खाता आजी हिचं एकेक वाक्य दुरुस्त करतात. व्याकरणाचा दुसरा वर्गच म्हणा ना!"

"घास तरी गिळू देतात का?"

"देतात हो. पण परवा गीझर बिघडला तेव्हा खरी परीक्षा झाली. आजींनी प्लंबरचा नंबर सांगितला. ते लोक फोन नंबर दोन-दोन आकडे जोडून सांगतात. आणि ब्याण्णव म्हणायचं तर आधी चार, मग वीस, मग बारा. चार विसा ऐंशी आणि वर बारा! हिने आपले चार, वीस, बारा असे सगळे आकडे ओळीने लिहून घेतले. नंबर झाला वहीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन दिवस थंड पाण्याने आंघोळी झाल्या."

"मग येते की नाही फ्रेंच? खरं सांगा."

"अहो, कालच खात्री पटली. नेहमी विचारलं की 'बरं चाललंय' म्हणून गप्प. काल मात्र तासभर बोलत होती. आजींच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारबा राहतात. ते गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात आणि ते टपटप आजींच्या वाळत घातलेल्या चादरींवर. त्यावरून दोघांचं वाजलंय. आजींनी त्यांच्या दाराला चिठ्ठी चिकटवली, त्यांनी तिच्याच पाठीवर उत्तर लिहून परत पाठवलं! ही सगळी भानगड पोरीला जिन्यात उभ्या उभ्या कळली. निबंध काय, घोकूनही लिहिता येतो. पण दोन म्हातारे तावातावाने भांडताहेत आणि त्यात चूक कोणाची हे कळतंय, म्हणजे भाषा आली."

"चूक कोणाची पण?"

"आजींचीच! चादरी कठड्याच्या बाहेर सोडतात. पण गंमत बघा, एवढं वाजूनही रोज सकाळी जिन्यात भेटले की दोघं एकमेकांना बोंजूर म्हणतात. ते चुकवायचं नाही. दुकानात शिरलं तरी आधी बोंजूर, मग काय हवं ते. सरळ पाव मागितला तर पाव मिळतो, पण बाईच्या कपाळाला आठी. हे हिला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"आमच्या धाकट्यालाही घालावं म्हणतेय फ्रेंचच्या क्लासला."

"घाला की! पण आधी त्याला इथे तोंड उघडायला शिकवा. परवा फाटकात समोरासमोर आलो, तर कानात इयरफोन, मान खाली, गेला निघून. काकू म्हणून हाक नाही की काही नाही."

"अहो, तुम्हाला हाक मारली तर तो क्लासला पोचेल का वेळेवर?"