मामेसासऱ्यांचा राडारोडा

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात, म्हणजे कैलासात, पाऊल टाकल्यावर माणसं एकतर मान वर करतात नाहीतर मोबाइल. आमचे मामेसासरे मान खाली घालतात. चारी बाजूंनी पायाकडे बघतात, बुटाच्या टोकानं जमीन टोकरतात आणि गाईडला विचारतात, "ते सगळं ठीक आहे हो, पण राडारोडा कुठे टाकला?"

तुमच्याकडे हे गृहस्थ काका असतील, आतोबा असतील, नाहीतर सोसायटीचे माजी सेक्रेटरी असतील. कौटुंबिक सहल ठरवणार तेच, वर्गणी गोळा करणार तेच आणि टेंपो ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगणारही तेच. आमचे मामा एका महानगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. खात्यानं त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. त्यांनी खात्याला अजून दिलेला नाही.

त्या दिवशी गाईडचं पाठांतर छान रंगात आलं होतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, आधी कळस मग पाया, वरून खाली कोरत आणलेलं मंदिर, एकच अखंड खडक. दोन लाख टन दगड काढला असा अंदाज सांगतात, असं तो म्हणाला आणि फसला.

"काढला. बरं. काढून ठेवला कुठे?"

"म्हणजे... वापरला असेल, साहेब."

"कुठे वापरला ते दाखवा."

गाईड इकडेतिकडे बघू लागला. मामांनी खिशातून जुन्या बिलाची मागची बाजू काढली. "जावईबापू, दहा टनी ट्रक धरा. वीस हजार खेपा. बैलगाडीत अर्धा टन धरा, चार लाख गाड्या. रस्ता कुठाय? वळवायला जागा कुठाय?" त्यांच्यामागे दगडी हत्ती, ध्वजस्तंभ आणि कैलास हलवणारा रावण असं सगळं ताटकळत उभं होतं. मामांचं लक्ष प्रवेशद्वाराच्या रुंदीकडे होतं.

शेवटचा उपाय म्हणून गाईड हलक्या आवाजात म्हणाला, "काही लोक म्हणतात साहेब, परग्रहावरचे लोक आले होते."

"राडारोडा उचलून नेला त्यांनी?"

"असं म्हणतात."

"मग त्यांना आमच्या वॉर्डात पाठवा."

वेरूळची चौतीस लेणी आम्ही अशीच पाहिली. दहाव्या, म्हणजे विश्वकर्मा लेण्यात छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी चैत्यगृहं उभारून सरावलेल्या हातांनी लाकडाच्या वाशांची नक्कल दगडातही केली, त्यामुळे त्या फासळ्या काहीही तोलत नाहीत. मामांनी आयुष्यात एकदाच मान वर केली ती इथे. "लोड शून्य," ते म्हणाले. "नुसत्या शोभेला आहेत. आमच्या खात्यात असे चौदा जण होते."

मामांच्या फोनमधले सहलीचे फोटो हा वेगळाच विषय आहे. त्यात जोती आहेत, पन्हळी आहेत, सांधे आहेत, पाणी मुरल्याचे डाग आहेत. घरातलं माणूस दिसलंच तर ते मोजमाप कळावं म्हणून उभं केलेलं असतं. माझी बायको एका फोटोत आहे. तिच्या डोक्यावर "५'-२" असं लिहिलंय.

दौलताबादला मात्र मामा फुलले. देवगिरीचा डोंगर खालच्या अंगानं तासून भिंतीसारखा उभा केलाय आणि पायथ्याशी खडकातच खंदक खोदलाय. म्हणजे राडारोडा पुष्कळ. पण समोरच तटबंदीही पुष्कळ. "बघा!" मामा गरजले. "इथला माल इथेच जिरवला. वाहतूक खर्च नाही. याला म्हणतात इस्टिमेट." १३२७ मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथे हलवली आणि पुढे काही वर्षांत पुन्हा दिल्लीला नेली, या गोष्टीचं त्यांना तिळमात्र नवल वाटलं नाही. "ऑफिस शिफ्टिंग. निम्म्या फायली हरवल्या असणार." अंधारीत, म्हणजे त्या मिट्ट काळोख्या भुयारात, वटवाघळांचा वास भरून राहिलेला आणि पोरं किंचाळत असताना मामी शांतपणे म्हणाल्या, "अहो, इथे राडारोडा विचारू नका. डोक्यावर पडेल."

या मामींवर खरं तर वेगळं लिहायला हवं. त्या सहलीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सहनशक्ती सोबत घेऊन येतात आणि तिन्ही पुरवून वापरतात.

प्रश्न विचारत राहिलं की उत्तरं कधीतरी मिळतात, हे मामांना वसईत कळलं. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची चर्चं बिनछपराची उभी आहेत. कमानीतून वडाची मुळं उतरलेली, आत प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीत नाना फडणविसांच्या घाटावर आहे ती १७०७ची, आणि तिच्यावर कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी आहे. हे कळल्यावर मामांनी आम्हाला सरळ घरी जाऊ देणं शक्यच नव्हतं. एका रविवारी मेणवली, एका रविवारी नाशिक. "माल गेला, पण नोंद राहिली," घंटेवरचा आकडा डायरीत उतरवत ते म्हणाले. "हे खरं स्टॉक रजिस्टर." नाशिककडे मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. मामी त्या घंटेखाली उभ्या राहिल्या, एकदा वर बघितलं, एकदा मामांकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

गोव्याला जायचं ठरलं तेव्हा पोरांच्या डोळ्यांसमोर कळंगुटचा किनारा होता. मामांच्या डोळ्यांसमोर जुनं गोवं. मतदान झालं. मामा एकटे होते, तरी जिंकले, कारण हॉटेलचं बुकिंग त्यांच्या नावावर होतं.

बॉम जीझस चर्चचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ते देवाला अर्पण केलं. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं, तिसऱ्या कोझिमोनं, पाठवलेला. फ्लॉरेन्सच्या फोग्गिनी नावाच्या शिल्पकारानं तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे पोचला. ते बघायला ही मोठी रांग. रांगेत आमचं अख्खं कुटुंब आणि बाहेर भिंतीपाशी मामा. दर्शनी बाजूचा काळा दगड वसई भागातून आणलेला आहे हे कळताच ते असे हरखले, जसा परगावच्या स्टँडवर गावाकडचा माणूस भेटावा. "वसईच्या घंटा नाशिकला, दगड गोव्याला!" दोन रांगा सोडून लोकांना ऐकू गेलं.

मग त्यांनी बाजूची भिंत पाहिली आणि चेहरा पडला. ती जांभ्याची. मुळात तिच्यावर चुन्याचा गिलावा होता; १९५०च्या दशकात तो काढून टाकला, भिंत जुनी आणि भारदस्त दिसावी म्हणून. तेव्हापासून ती लाल भिंत कॅलेंडरांवर फार शोभते आणि गोव्याचा पाऊस तिला दरवर्षी थोडी थोडी खातो. मामांनी बोट फिरवून लाल पूड मला दाखवली. "जावईबापू, जांभा उघडा ठेवत नसतात हो. आमच्या कोकणातल्या गवंड्यालाही कळतं." शेजारी सेल्फी घेणारा मुलगा हसला. पण पुन्हा गिलावा करा, ही मागणी खुद्द त्या चर्चचे रेक्टरही करत आलेत. तेव्हा मामा नुसतेच वैतागवाणे नाहीत, ते बरोबरही असतात. हे त्यांच्या स्वभावातलं सर्वांत त्रासदायक अंग.

से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये पडला. तिथे मामांनी प्रश्न विचारायच्या आतच माझ्या मुलीनं विचारून टाकला. तिथून वर टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चपाशी गेलो. १८३५ मध्ये सरकारनं मठ बंद केले, चर्च ओस पडलं, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. मूळचा ४६ मीटर उंचीचा तो मनोरा आता अर्धाच फाडल्यासारखा उभा आहे. सगळे दमलेले. मामांनी सवयीनं, उत्तराची फारशी आशा न ठेवता, सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्या गोंयकाराला विचारलं, "हे जे पडलं, त्याचा राडारोडा गेला कुठे हो?"

म्हातारबाबा शांतपणे म्हणाले, "फातर? फातर पणजेक व्हेले."

मग त्यांनी सांगितलं. जुनं गोवं साथीच्या रोगांनी ओस पडत गेलं, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि नवं शहर उभारायला जुन्या शहराचे वाडे, मठ उतरवून दगड तिकडे नेले. व्हाइसरॉयचा राजवाडासुद्धा त्यातच गेला. ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली मोठी घंटा आज पणजीच्या त्या पांढऱ्याशुभ्र, नागमोडी पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. १८७१ मध्ये तिथे चढवली.

मामा जवळच्या दगडावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं होतं. न चिडता, परग्रहावर न जाता. संध्याकाळी त्यांनी आम्हाला पणजीत पायी फिरवलं. फोंतायन्यासच्या गल्लीबोळांत प्रत्येक जुन्या भिंतीवर थाप मारत ते पुढे चालले होते. "हा तिकडचा असणार." "हा तिकडचा." एका बाल्कनीतून एक बाई विचारायला लागल्या की घर घ्यायचंय का.

त्या रात्री मामा घोरायला लागल्यावर मामींनी सांगितलं. मामांच्या हद्दीत नदीचा काठ होता. रात्री बारानंतर ट्रक यायचे, पाडलेल्या इमारतींचा माल नदीपात्रात ओतायचे, आणि सकाळी नदी तेवढी अरुंद झालेली असायची. मामांनी रात्री जागून गाड्यांचे नंबर टिपले, मोजमापं घेतली, किती इमारती पाडल्या आणि त्यांचा किती राडारोडा नोंदवलेल्या जागी पोचला याचा तक्ता केला. दोन्ही बेरजा जुळेनात. मग वरिष्ठांच्या बैठकीत त्यांनी उभं राहून विचारलं, "बाकीचा गेला कुठे?" पुढच्या आठवड्यात त्यांची बदली झाली. निवृत्तीपर्यंत ते जन्म-मृत्यूचे दाखले देत होते. २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नवे नियम आले, त्याचं कात्रण त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. मामी म्हणाल्या, "ते काही नाही हो. राजेरजवाड्यांना विचारतात, कारण ते बदली करत नाहीत."

म्हणून मला मामा आवडायला लागले असं नाही. त्यांच्यासोबत कुठलीही वास्तू बघणं ही शिक्षाच आहे, आणि माझी मुलगी आता त्यांच्यासारखी झालीय. आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली, बिल्डरच्या माणसानं सभेत रंगीत स्लाइड दाखवल्या, क्लबहाउस, जलतरण तलाव, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही नववीतली पोर उठून म्हणाली, "आपली बिल्डिंग पाडल्यावर राडारोडा कुठे टाकणार?" सभेत हशा पिकला. तो माणूसही हसला आणि म्हणाला, "ते कंत्राटदार बघतो." वेरूळच्या गाईडनं निदान विचार तरी केला होता. मागच्या रांगेत मामा बसले होते, पाहुणे म्हणून. त्यांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच.

अजिंठा मात्र मामांनी अजून पाहिलेला नाही. दर दिवाळीला विषय निघतो. तिथली लेणी सोमवारी बंद असतात ही सबब एकदा झाली, मामींचे गुडघे ही एकदा झाली. गुडघे मामींचे असून त्यांना ते दुखत असल्याचं तेव्हाच कळलं. खरं कारण तिथल्या भूगोलात आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला उंच कडा, त्यात तीस लेणी आणि बरोबर खाली वाघूर नदी.

"तिथे जाऊन विचारायचं काय?" मामा म्हणतात. "वर खोदकाम, खाली नदीपात्र. रात्रीच ओतलं असणार."