खानदेशावर माहितीपट काढण्याची सोपी रीत

सुरुवात शेवटापासून करा. सत्य शोधायला जळगावला जायचं, असा तुमचा समज असेल तर तिकिटाचे पैसे वाचतील. सत्य मुंबईत, निधीचा अर्ज भरतानाच ठरतं. पैसे देणाऱ्यांना ‘तहानलेला खानदेश’ हवाय की ‘केळीचं वैभव’, एवढं आधी विचारून घ्या. एका शिवारात दोन्ही मिळतं.

समजा, तहान ठरली. मग रावेर-यावलकडे फिरकू नका, तिथे हिरवा रंग कुठून तरी चौकटीत घुसतोच. मे महिन्यात भर दुपारी शिंदखेड्याकडे उतरा. फक्त ठिबकच्या नळ्यांवर डोळा ठेवा. जळगाव हे ठिबकचं माहेरघर, त्यामुळे या काळ्या नळ्या नको तिथे पसरलेल्या दिसतात आणि प्रेक्षकाला उगाच शंका येते. “भाऊ, तेवढ्या नळ्या बाजूला घेता का?” असं म्हणा. भाऊ घेतील, वर चहाही पाजतील. वैभव ठरलं असेल तर नळ्या पुन्हा पसरायच्या आणि कोरडी विहीर ड्रोनवाल्याच्या पाठीमागे ठेवायची.

मनाला टोचलंच, तर रॉबर्ट फ्लाहर्टीचं नाव घ्या. १९२२ चा त्याचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपट जगभर गाजला. नानूक झालेल्या माणसाचं खरं नाव अलकारिअलक. शिकारीला बंदूक वापरणाऱ्या या माणसाच्या हाती फ्लाहर्टीने भाला दिला. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला जागा आणि उजेड पुरेना, म्हणून अर्धंच घर बांधलं आणि त्या उघड्या घरात सगळ्यांना झोपेचं सोंग घ्यायला लावलं. तिथे बंदूक लपली, मग आपल्या नळीचं काय घेऊन बसलात?

आता मुलाखत. शेतकऱ्याचं पहिलं उत्तर कधीही वापरू नये. पहिल्यांदा तो खरं बोलतो, म्हणजे पाल्हाळ लावतो. वादळात आडवे झालेले केळीचे खांब, विम्याचा हप्ता, व्यापाऱ्याने पाडलेला भाव, पोरीचं इंजिनिअरिंग, मधेच शेजाऱ्याच्या बांधाचं भांडण, सगळं एका दमात. तुम्हाला हवीत आठ सेकंदं. “काका, परत एकदा, जरा थांबून थांबून.” दुसऱ्या वेळी तो पाठ केल्यासारखं बोलतो, तेही चालणार नाही. तिसऱ्या वेळी काका कंटाळतात, टोपी काढतात, उपरण्याने कपाळ पुसतात आणि खाली बघतात. कारण उकाडा. पण शॉट सोन्याचा! पाठीमागे सारंगी लावा. या शॉटआधी आडवी झालेली केळीबाग जोडली की काका उद्ध्वस्त. लग्नाचा मांडव जोडला की लेक सासरी निघालेला बाप. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं: एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीला जोडला, कधी शवपेटीला, आणि लोकांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं. काकांना तर अभिनयही करावा लागला नाही.

मुलाखत संपली, काका घरी गेले, की स्वतःचे मान डोलावतानाचे शॉट घ्यायला विसरू नका. समोर कोणी नसतानाच सहानुभूती नीट जमते.

गर्दीचं गणित सोपं आहे. धुळ्याच्या पाचकंदीलला चाळीस माणसं जमली असतील तर लांब पल्ल्याच्या लेन्सने डोक्याला डोकं चिकटतं आणि जनआंदोलन होतं. तीच माणसं वाइड लेन्सने जवळून घेतली की सभा फसली. कुठलं बटण दाबायचं हे अर्ज बघून ठरवा.

बोलीत वेळ घालवू नका. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा गणबोली वेगळी आहे, असं कुणी सांगेल. दोन्हींना ‘गावरान’ म्हणा. शेत दिसलं की बहिणाबाईंची कविता, हा नियम तर ठरलेलाच.

एक इशारा. चाळीसगावच्या केकी मूस यांचं अनुकरण करू नका. स्टेशनजवळच्या बंगल्यातून हा छायाचित्रकार कित्येक दशकं जवळजवळ बाहेरच पडला नाही. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड पाडून त्यांनी अस्सल वाटणारी निसर्गदृश्यं टिपली. इथवर ठीक. पण हे टेबलावरचं छायाचित्रण आहे, असं ते उघड सांगायचे! १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आता कलादालन आहे. तिकडे मालेगावच्या नासिर शेखनेही तोच घोटाळा केला. यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीकला स्वतःच्या चित्रपटात सुपरमॅन केलं, आणि तो उडतो कसा हे फैजा अहमद खानच्या २००८ च्या माहितीपटात साऱ्या जगाला दिसू दिलं. अशाने धंदा बसतो. आपल्या चित्रपटात नळी कुणी हलवली हे शेवटच्या नामावलीतही येता कामा नये.

पुरस्काराच्या भाषणाची तयारी मात्र नीट करा, तिथे खानदेशातलं कुणी बसलेलं असू शकतं. म्हणून एवढं पाठ असू द्या: १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात आहे, शिंदखेडा धुळ्यात आणि मालेगाव नाशिकमध्ये.