स्पर्धात्मक शहर: रचना, कार्य आणि डागडुजी

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या यादीत वर आणि दर पावसाळ्यात पाण्याखाली असणाऱ्या शहराला शाश्वत व स्पर्धात्मक शहर म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायला कार्यक्षम नागरी प्रशासन लागते. महाराष्ट्रात ते १८८८ पासून आहे.

त्या वर्षी मुंबईसाठी झालेल्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना चर्चा करण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि पैसा मंजूर करण्याचा हक्क दिला. प्रत्यक्ष कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती ठेवला. नेटिव मंडळींनी हवे तेवढे बोलावे, काम साहेब करील, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे १९४९ च्या कायद्याने हीच घडी राज्यातल्या इतर महापालिकांना मिळाली. साहेब गेला, हिशेब राहिला. महापौराच्या वाट्याला सभेचे अध्यक्षपद, पाहुण्यांचे स्वागत आणि अडीच वर्षांची मुदत आली. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे महापौर परिषद आणून महापौराला कारभार करू देण्याचा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला गेला. शिवाजी पार्कवरचे मुंबईच्या महापौरांचे निवासस्थान २०१९ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या आवारात हलवण्यात आले. यामागे काही सुचवण्याचा हेतू नव्हता.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्य देण्याचे ठरवले. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. पहिला विषय नगरनियोजनाचा, शेवटचा कत्तलखान्यांचा. मध्ये कुठेतरी स्मशानभूमी आणि कोंडवाडे येतात. ही यादी मंत्रालयात शेवटाकडून वाचली गेली असावी. कत्तलखाने, कोंडवाडे आणि स्मशाने शहरांकडे बिनतक्रार राहिली. नियोजनाच्या मोठ्या कामासाठी मात्र सिडको आणि एमएमआरडीए आधीपासून होत्याच. पुण्यासाठी २०१५ मध्ये पीएमआरडीए स्थापन झाली. या संस्था राज्य सरकारच्या असल्याने त्यांना निवडणुकीचा त्रास नाही.

एकाच शहरात अनेक यंत्रणा नांदू लागल्या की हद्दीचा प्रश्न निर्माण होतो. मुंबईच्या जमिनीवर महापालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, म्हाडा, सार्वजनिक बांधकाम खाते, रेल्वे, बंदर आणि विमानतळ असे अनेक धनी आहेत. नागरिकाला खड्डा दिसतो. प्रशासनाला आधी तो कोणाचा हे पाहावे लागते, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत अनेकदा पावसाळा संपतो. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य या व्यवस्थेत सर्वाधिक वापरले जाते. त्याखालोखाल ‘पाठपुरावा सुरू आहे’.

अंधेरीचा गोखले पूल या विषयाच्या अभ्यासकांनी मुद्दाम जाऊन पाहावा. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पादचारी मार्गाचा भाग रुळांवर कोसळला. उरलेला पूल धोकादायक असल्याचे ठरून तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. मधल्या चार वर्षांत तो वापरात होता. रुळांवरचे पाडकाम रेल्वेने करायचे आणि नवा पूल महापालिकेने उभारायचा, अशी वाटणी झाली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा सुमारे दीड मीटर उंच असल्याचे सर्व मुंबईला दिसले. पूर्वी हे दोन्ही पूल जोडलेले होते. मधल्या काळात रुळांवरील पुलांच्या उंचीचे नियम बदलले होते. नवा पूल नव्या नियमाला धरून होता, जुना जुन्याला. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती, फक्त गाडी एका पुलावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नव्हती. मग बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोघांची भेट झाली. मिलिमीटरपर्यंत मोजण्याची ही सोय आराखडा काढतानाही उपलब्ध होती. पूल पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

कार्यक्षमतेतला खरा अडथळा नगरसेवक असतो, असे प्रशासनात फार पूर्वीपासून मानले जाते. तो प्रश्न विचारतो, टक्केवारीची अपेक्षा ठेवतो, आणि क्वचित दोन्ही एकाच सभेत करतो. हा अडथळा दूर करून पाहण्याची संधी महाराष्ट्राला मिळाली. औरंगाबाद आणि नवी मुंबई महापालिकांची मुदत २०२० मध्ये संपली; मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक यांची मार्च २०२२ मध्ये. महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी लागते, असे राज्यघटना सांगते. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात असल्याने राज्यघटनेला थांबावे लागले. थांबण्याचा काळ मुंबई-पुण्यात जवळपास चार वर्षांचा, नवी मुंबईत पाचांहून अधिक होता.

या काळात आयुक्तच प्रशासक झाला. स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे, सर्वसाधारण सभेचेही त्याच्याकडेच. आयुक्त म्हणून त्याने प्रस्ताव पाठवायचा, समिती म्हणून तो तपासायचा, सभा म्हणून मंजूर करायचा आणि पुन्हा आयुक्त म्हणून अंमलात आणायचा. मतभेद झाल्याची नोंद नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प याच पद्धतीने मंजूर झाला. मुंबईचा हवामान कृती आराखडाही १३ मार्च २०२२ रोजी, म्हणजे सभागृहाची मुदत संपल्यावर आठवड्याभरात, प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. निवडून आलेल्या सदस्यांची संख्या शून्यावर आणण्यास एवढा वेळ लागला नव्हता.

नगरसेवक असलाच, तर तो नेमका कोणाचा हे कळू नये यासाठी प्रभागपद्धती आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत २००२ मध्ये एका प्रभागात तीन नगरसेवक होते, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. २०२१ मध्ये महाविकास आघाडीने पुन्हा तीन ठरवले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि संख्या पुन्हा चार झाली. त्याच ओघात मुंबईचे २२७ प्रभाग २३६ झाले आणि परत २२७. प्रत्येक बदलामागे लोकशाही बळकट करण्याचाच हेतू होता, असे प्रत्येक सरकारने सांगितले. चार नगरसेवकांच्या प्रभागात नळाला पाणी येत नसेल तर नागरिकाला चार दारे असतात. चौघेही तिघांची नावे सांगतात.

नियोजनाची गती समजण्यासाठी पुण्याकडे वळावे लागते. जुन्या हद्दीचा विकास आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी होता. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. भविष्याचा निम्मा भाग तोवर होऊन गेला होता. त्याआधीच्या १९८७ च्या आराखड्यातला उच्च क्षमता वर्तुळाकार मार्ग अजूनही नकाशावर आहे आणि तिथे त्याची वाहतूक सुरळीत आहे. दरम्यान २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुण्यात आली व पुणे क्षेत्रफळाने मुंबईला मागे टाकून राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे झेललेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे नंतर बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. स्पर्धेत उतरायचे तर काही ओझे कमी करावेच लागते.

स्पर्धा ही केंद्र सरकारची देणगी. स्मार्ट सिटी मोहीम २५ जून २०१५ रोजी जाहीर झाली आणि जानेवारी २०१६ मधल्या पहिल्या वीस शहरांत पुणे भुवनेश्वरखालोखाल दुसरे आले. मोहिमेसाठी महापालिकेशेजारी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी उभारायची होती, कारण महापालिका कार्यक्षम नाही हे महापालिकेला कार्यक्षम करण्यापेक्षा मान्य करणे सोपे होते. पुण्यात औंध, बाणेर आणि बालेवाडी या आधीच बऱ्या भागांची निवड झाली. २०१८ च्या राहण्यास सुलभ शहरांच्या यादीत पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी होती. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांना ही बातमी वाचायला हात मोकळा नव्हता. स्मार्ट सिटी मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी संपली, शहरे राहिली.

खर्चाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विरली आणि तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई येऊ लागली. नाक्यावर हक्काने वसूल होणारा पैसा आता अर्ज-विनंत्यांच्या दिशेने येतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर मुंबईत २०२२ मध्ये माफ झाला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत होती, ती निघाली, २०२३ मध्ये परत आली. ती मिळवायची तर पीटी-३ अर्ज भरून आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करावे लागते. निवडणुकीआधी कर माफ आणि निवडणुकीनंतर निधी नाही, हे शहरी वित्तव्यवस्थेचे एकमेव चक्र आहे जे वेळेवर फिरते.

शाश्वततेची बाजूही भक्कम आहे. मुंबईत १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. कमी धूर सोडणाऱ्या प्रवाशाने थोडी जास्त किंमत मोजावी, एवढाच याचा अर्थ लावता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्यावर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. पुण्यातल्या बहुतेक मतदारांनी प्रत्येकी चार मते दिली आणि १६५ नगरसेवक निवडून आले. आयुक्ताची नेमणूक आणि बदली पूर्वीप्रमाणेच मंत्रालयातून होते.