कारवीचा हिशेब

आमच्या आईला निसर्ग दाखवायला नेणं म्हणजे जुना करार पायी पार करणं. डोंगर दिसला की तो सिनाय, ओढा आडवा आला की यार्देन, आणि घाटात धुक्यामुळे गाडी अडली की मोशेपुढे चालणारा मेघस्तंभ. ड्रायव्हर बिचारा मागून हॉर्न खात असतो आणि आई त्याला इस्राएली लोकांनी चाळीस वर्षं कशी कळ काढली ते ऐकवत असते.

आम्ही वसईचे. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी, समुद्र, सगळं सपाट. उंची म्हणावी तर चर्चच्या मनोऱ्याची. बायबलात मात्र देवाला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की तो माणसाला डोंगरावर बोलावतो. तेव्हा श्रद्धेचा हा भाग शिकायचा तर आम्हाला लोकल पकडावीच लागते. आणि सह्याद्रीत धापा टाकत वर पोचावं, तर तिथे आधीच एखादी देवी, भैरोबा नाहीतर महादेव बसलेला. आई त्यांनाही हात जोडते. "आपण पाहुणे," म्हणते.

2008 च्या पावसाळ्याअखेरीस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली. माझा साखरपुडा झाला होता, लग्न नाताळनंतर होतं. फुलं बघायला आम्ही दोघंच जंगलात जाणार म्हटल्यावर आईची निसर्गाची आवड एकाएकी उफाळून आली आणि ती डबा घेऊन सोबत निघाली. कारवीचं असं असतं, की सात वर्षं ती नुसती पानं काढते. मग आठव्या वर्षी सगळा डोंगर एका सुरात जांभळा होतो, मधमाश्यांची झुंबड उडते, बी धरतं आणि झाड मरतं. वाळलेल्या बोंडांत बी पुढच्या पावसापर्यंत दडून राहतं. पाणी लागलं की बोंडं तडतड फुटतात. तो उतार बघून आई म्हणाली, "शलमोन राजालासुद्धा असा पोशाख मिळाला नव्हता." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या सुटाचं माप दिलंस का?" येशूने रानफुलांकडे बघा म्हणून सांगितलं ते कपड्यांची काळजी सोडावी म्हणून, हे मी तिला सुचवून पाहिलं. "त्याला वसईतलं लग्न कुठे करायचं होतं!" हे उत्तर.

लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो. या वेळी खरोखर दोघंच. वाटेत वाईजवळ मेणवलीला थांबलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, आणि तिथे महादेवाच्या शेजारात एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. परगावी अचानक माहेरचं माणूस भेटावं तशी बायको तिच्याकडे बघत राहिली आणि मनात काहीतरी बोलली. काय, ते मी विचारलं नाही. त्या बाळाकडे बघत होती एवढं दिसलं. महाबळेश्वरहून कारवीच्या मधाची बाटली आणली. ती उघडून आईने जाहीर केलं, "मधाचा देश लागला. आता दुधाचं बघा."

दुधाचं काही जमेना. दर मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आत्या आणि मावश्या बायकोच्या पोटाकडे पाहून "काय गं, बरी आहेस ना?" विचारायच्या. आई दर सप्टेंबरात बांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेला जायची. तिथे जे मागायचं त्याचा मेणाचा आकार वाहतात: पाय दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर. आईने मेणाचं बाळ वाहिलं. एका वर्षी विक्रेत्याने जोडी स्वस्तात दिली म्हणून दोन वाहिली, तेव्हा मी रात्रभर जागा होतो. आणि धीर द्यायची तिची रीत अशी, की एकदा जेवताना ती बायकोला म्हणाली, "घाबरू नकोस, सारेला नव्वदाव्या वर्षी झालं." बायको ताटावरून उठली. बायबलातले सगळे दाखले सगळ्या वेळी काढू नयेत असं माझं मत तेव्हा झालं, ते अजून कायम आहे.

2016 च्या जूनमध्ये मुलगी झाली. सप्टेंबरात तिचा बाप्तिस्मा ठेवला आणि त्याच महिन्यात वर्तमानपत्रात फोटो आला: कारवी फुलली! आईने तो कापून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आणि साऱ्या धर्मग्रामाला दाखवला. मी समजावलं, "आई, ती दर आठ वर्षांनी फुलतेच. ज्यांना मुलं नाहीत त्यांच्यासाठीही फुलली आहे."

"मग? देवाला तारीख माहीत नव्हती का?"

यावर उत्तर असलं तर मला कळवावं.

2024 मध्ये लेकीची पहिली कम्युनियन आली आणि हिशेबाप्रमाणे कारवीही. या खेपेला चौघं गेलो. पांढऱ्या ड्रेसवर जांभळा मुकुट हवा म्हणून लेक फुलं तोडायला निघाली; वनरक्षकाने अडवलं. आई त्याला म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. एदेन बागेतही हाच नियम होता." तो गोंधळून सलाम करून गेला. सिस्टरांनी नुकतंच पुनरुत्थान शिकवलं होतं, म्हणून लेकीने विचारलं, "ही सगळी झाडं एकदम मरणार? मग स्वर्गात एवढी गर्दी?" आईने पेरलेल्या गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला. तो पोरीला पटला की नाही कोण जाणे. ती बोटांवर मोजत होती. "आजी, पुढची 2032 ला. मी सोळाची होईन. तेव्हा माझं दृढीकरण?"

परत येताना चढउताराने आईचे गुडघे बोलू लागले. वर्षानुवर्षं टाळलेल्या ऑपरेशनचा विषय तिने स्वतःहून काढला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, नवीन सांधे चांगले टिकतात म्हणाले.

"2032 च्या ऑक्टोबरपर्यंत?" आईने विचारलं.

"आजी, त्याच्या पुढेही."

"पुढचं नंतर बघू," आई म्हणाली. "2040 ला हिचं लग्न असेल, पण तिथे खुर्ची मिळते."